फिरत्या दांड्यावरून उंदीर पडतो, तेव्हा नेमके काय शिथिल झालेले असते?

प्रश्न | कृष्णाकाठ, सांगली

मी सांगली जिल्ह्यातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात शिकवते. बी. फार्म.च्या चौथ्या सत्रात रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्याच्या उपकरणावर, डायझेपामचा स्नायू शिथिल करण्याचा गुण दाखवणारे एक प्रात्यक्षिक आहे. ते आता जिवंत उंदरांवर न करता संगणकावरील आभासी प्रयोगाने केले जाते, आणि तसेच असावे असे माझे मत आहे. पडद्यावरचा उंदीर फिरत्या दांड्यावर बराच वेळ तोल सांभाळून राहतो, औषध दिल्यावर काही सेकंदांत खाली पडतो, विद्यार्थी दोन्ही वेळा वहीत मांडतात आणि निष्कर्षाच्या ओळीत ‘डायझेपाम हे मध्यवर्ती चेतासंस्थेवर कार्य करणारे स्नायू शिथिलक आहे’ असे लिहून मोकळे होतात. ही ओळ वर्षानुवर्षे मीही तपासून सही करत आले.

गेल्या आठवड्यात जत तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, उंदीर पडला तो स्नायू ढिले पडले म्हणून, की झोप आली म्हणून, की नुसता तोल गेला म्हणून?” मी गॅबा या चेतासंदेशवाहकाचे नाव घेऊन वेळ मारून नेली, पण ते उत्तर मलाच पटलेले नाही. त्याच विद्यार्थ्याने पुढे सांगितले की त्यांच्या घरच्या शेळीला धनुर्वात झाला असताना पशुवैद्यांनी दिलेल्या एका इंजेक्शनाने तिचे ताठलेले पाय सैल पडले होते, तर ते औषध हेच असेल का.

म्हणून दोन गोष्टी विचारते. औषध मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर स्नायूंना शिथिल करते, केवळ गुंगी आणत नाही, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून पूर्वी कसे ठरवले गेले? आणि उंदरात दिसलेला परिणाम शेळी, बैल किंवा कुत्रा यांच्यात तसाच दिसेल असे धरून चालता येते का?

उत्तर | जुनी प्रयोगवही, मिरज

विद्यार्थ्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि निष्कर्षाची ती ओळ निदान त्या प्रयोगाच्या आधाराने तरी लिहिता येत नाही. डनहॅम आणि मिया यांनी १९५७ मध्ये हे उपकरण मांडले, ते उंदीर आणि घुशीएवढ्या पांढऱ्या उंदरांमधील चेतासंस्थेचा बिघाड सोप्या रीतीने ओळखण्यासाठी. ‘स्नायू शिथिल झाले’ असे सांगणे हा त्या उपकरणाचा दावाच नव्हता. दारू पाजलेला उंदीरही दांड्यावरून पडतो, बार्बिच्युरेट हे झोपेचे औषध दिलेलाही पडतो, आणि क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाची थोडी मात्रा दिलेलाही पडेल. दांडा फक्त एवढेच सांगतो की प्राणी टिकू शकला नाही.

कारण ठरवायचे तर स्नायूपासून सुरुवात करून पायरी पायरीने वर जावे लागते. बेशुद्ध केलेल्या प्राण्याची पायाकडे जाणारी मोठी चेता मोकळी करून तिला विजेचा हलका धक्का दिला की पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो. क्युरारेसारखे औषध दिले असेल तर हे आकुंचन कमी होते किंवा थांबते, कारण ते चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरच अडथळा आणते. डायझेपाम किंवा मेफेनेसिन हे जुने शिथिलक नेहमीच्या मात्रेत दिले असता प्राणी लुळा पडलेला असूनही पोटरी पूर्वीइतक्याच जोराने ओढली जाते. याचा अर्थ स्नायू शाबूत आहे, सांधा शाबूत आहे आणि अडथळा त्याच्या वर कोठेतरी आहे. क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकाचा एक पाय दोरीने आवळून त्यात क्युरारे पोहोचू दिले नाही आणि बाकीचे अंग लुळे पडलेले असताना तोच पाय चिमट्याला प्रतिसाद देतो हे दाखवले. आपला प्रश्न नेमका त्या प्रयोगाच्या उलट टोकाला आहे.

मेफेनेसिनची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. चेकोस्लोव्हाकियातून इंग्लंडमध्ये आलेले फ्रँक बर्गर तेथील एका औषध कंपनीत पेनिसिलिन नासवणाऱ्या जिवाणूंना आवर घालणारा पदार्थ शोधत होते. त्या पदार्थांची विषारीपणाची चाचणी उंदरांवर घेताना त्यांना दिसले की उंदीर लुळे पडतात, पालथे केले तर उठून सरळ होऊ शकत नाहीत, पण त्यांचे डोळे उघडे असतात, श्वास चालू असतो, आणि काही वेळाने ते काही झालेच नाही अशा रीतीने चालू लागतात. बर्गर आणि ब्रॅडली यांचा या औषधावरचा लेख १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच धाग्यातून पुढे मेप्रोबामेट आले आणि चिंताशामक गोळ्यांचे युग सुरू झाले. ते मात्र वेगळे प्रकरण आहे.

आता मुख्य भाग. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो, त्या प्रतिक्षिप्त क्रियेत संवेदी चेता थेट प्रेरक चेतापेशीला भेटते, म्हणजे वाटेत एकच चेतासंधी असतो. पायाला काटा टोचल्यावर पाय पोटाशी ओढला जातो, त्या क्रियेत संदेश मज्जारज्जूतील अनेक मधल्या चेतापेशींमधून फिरून येतो. मेफेनेसिन मांजरात अशा मात्रेत दिले की दुसरी क्रिया मंदावते आणि पहिली जवळपास तशीच राहते, असे त्या काळच्या अनेक प्रयोगांत दिसले. साखळीतील प्रत्येक कडी थोडी थोडी अशक्त झाली की लांब साखळी आधी तुटते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. जीभ उत्तेजित केल्यावर जबडा उघडण्याची मांजरातील क्रियाही याच कामासाठी वापरली गेली. याला जोड म्हणून स्ट्रिक्निनचा पडताळा असे. आपल्याकडे ज्याला काजरा म्हणतात, त्याच्या बियांतील हे विष मज्जारज्जूतील ग्लायसिन या चेतासंदेशवाहकाचा लगाम काढून टाकते आणि प्राण्याला धनुष्यासारखे आकडी आणते. मेफेनेसिन ती आकडी आवरते.

राहिला झोपेचा मुद्दा. तो सोडवण्याची एक कठोर पण निर्णायक रीत अशी होती की मेंदूचा वरचा भाग खालच्या मेंदूस्तंभापासून तोडलेल्या मांजरावर औषध तपासायचे. शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे अशा प्राण्याचे चारही पाय खांबासारखे ताठ होतात. त्या प्राण्याला जाग नाही, म्हणून झोपही नाही. तरीही औषधाने ते पाय सैल पडले, तर गुंगीमुळे पडले असे कोणी म्हणू शकत नाही. डायझेपाम या कसोटीला उतरते. एवढेच नव्हे, तर मज्जारज्जू मेंदूपासून वेगळा केलेल्या मांजरातही ते संवेदी चेतांच्या टोकांवरील गॅबाचा लगाम अधिक घट्ट करते, हे १९६० च्या दशकातच मोजून दाखवले गेले होते.

उत्तर | माणदेशी पशुवैद्य, दहिवडी

वरील उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. एक चेतासंधी आणि अनेक चेतासंधी ही कसोटी दिसते तेवढी स्वच्छ नाही, कारण भूल देणारी बरीच औषधेही लांब साखळीच आधी मंद करतात, आणि बॅक्लोफेन हे निर्विवाद मध्यवर्ती शिथिलक असूनही ते गुडघ्याची छोटी साखळीसुद्धा दाबते. कसोटी एकटी पुरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

उंदरावरून बैलावर उडी मारता येते का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आमच्या पेटीत रोज असते. झायलाझिन हे औषध १९६२ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत तयार झाले. आज जनावराला शांत करणे आणि त्याचे स्नायू सैल पाडणे या दोन्ही कामांसाठी पशुवैद्यकात ते सर्वत्र वापरले जाते. ते मेंदू आणि मज्जारज्जूतील अल्फा-२ ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरील औषध जेथे चिकटते त्या जागांवर, कार्य करते. घोड्याला शिरेतून वजनाच्या दर किलोला सुमारे १.१ मिलिग्रॅम लागते. गाईबैलाला त्याच्या साधारण एक दशांश मात्रा पुरते, आणि शेळी तर याबाबत फारच नाजूक असते. डुकराला मात्र बरेच जास्त द्यावे लागते. आता कोणीही म्हणेल की गाईच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडत असेल. पण मोजमाप केले तेव्हा घोडा, गाय, मेंढी आणि कुत्रा या चौघांच्याही रक्तातून ते झपाट्यानेच उतरते असे आढळले. अर्ध्यावर येण्याचा काळ सर्वांत तासाच्या आत होता, आणि गाईत तो घोड्यापेक्षा कमीच भरला. म्हणजे फरक रक्तात नाही, ग्राहकांच्या वागण्यात आहे. वशिंड असलेला गोवंश त्यातही अधिक संवेदनशील असल्याची नोंद आहे, म्हणून खिलार बैलाला देताना मी हात आखडताच ठेवतो.

शिवाय औषध फक्त स्नायूंवर थांबत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट स्थिर होते, फुगते, लाळ वाहते आणि घशाशी आलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून डोके उताराला ठेवावे लागते. मेंढीच्या फुप्फुसांवर त्याचा विपरीत परिणाम होऊन रक्तातील प्राणवायू घटतो; माडग्याळ मेंढीच्या कळपात काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. शेवटच्या तिमाहीतील गाभण जनावराला ते टाळतात, कारण गर्भाशय आकुंचन पावू शकते. उंदराच्या दांड्यावर यातले काहीही दिसणार नाही.

घोड्याला आडवे करताना वापरले जाणारे दुसरे औषध म्हणजे ग्वायफेनेसिन. आपल्या घरातील खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर हे नाव छापलेले असते, आणि रासायनिकदृष्ट्या ते मेफेनेसिनचे सख्खे भावंड आहे. साधारण ५ टक्क्यांचे द्रावण शिरेतून सोडले की पायांचे स्नायू सैल पडतात आणि श्वासपटल बऱ्याच अंशी चालू राहते. वेदना मात्र त्याने कमी होत नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर चाकू लावणे क्रूरपणाचे ठरेल. केटामाइन हे भुलीचे औषध आणि झायलाझिन सोबत असतात. द्रावण तीव्र असेल तर तांबड्या पेशी फुटतात, आणि मेफेनेसिन शिरेतून देण्यात हीच अडचण होती. धनगरांच्या वाड्यासोबत चालणारी तट्टे आणि वरातीची घोडी सोडली तर आमच्या भागात घोडे फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे हा अनुभव मला महाविद्यालयात असताना जेवढा मिळाला तेवढाच.

ग्वायफेनेसिनला कार्बामेटचा गट जोडला की मेथोकार्बामोल होते. अमेरिकेत ते कुत्रा, मांजर आणि घोडा यांच्यासाठी मान्यताप्राप्त आहे. विषबाधेमुळे आकडी आलेल्या कुत्र्याला दर किलोला ४४ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, गरज पडल्यास ती वाढवतात, आणि दिवसभरात दर किलोला ३३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडत नाहीत. ही मात्रा वाचून कोणी घरी प्रयोग करू नये.

शेळीला कोणते औषध दिले असेल ते चिठ्ठी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. धनुर्वातात डायझेपाम, क्लोरप्रोमाझिन किंवा अगदी जपून झायलाझिन, यांपैकी काहीही असू शकते.

प्रतिसाद | कृष्णाकाठ, सांगली

दोघांचेही आभार. चिठ्ठी शोधायला विद्यार्थ्याला सांगितले आहे. एक शंका उरते. मेंदू तोडलेल्या मांजरात गुंगीचा प्रश्न निकालात निघतो हे कळले, पण औषध शेवटी जागत्या प्राण्याला आणि माणसालाच द्यायचे असते. तेथे दोन्ही परिणाम एकत्र होणारच. मग ‘हे चांगले शिथिलक’ आणि ‘हे नुसते गुंगी आणणारे’ असा भेद व्यवहारात कसा करत असत?

उत्तर | जुनी प्रयोगवही, मिरज

प्रथम माणदेशी डॉक्टरसाहेबांची दुरुस्ती मान्य करतो. बॅक्लोफेनचे उदाहरण मी द्यायला हवे होते.

आपल्या शंकेचे उत्तर मात्रांमधील अंतरात आहे. एकाच जातीच्या उंदरांवर वाढत्या मात्रा देऊन तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: किती मात्रेला अर्धे उंदीर दांड्यावरून पडतात, किती मात्रेला त्यांची आपणहून होणारी हालचाल निम्म्यावर येते, आणि किती मात्रेला पाठीवर उलटवलेले अर्धे उंदीर सरळ होऊ शकत नाहीत. पहिली मात्रा उरलेल्या दोन मात्रांपेक्षा बरीच खाली असेल, तर उंदीर जागा आणि हिंडता असतानाच त्याची पकड सुटते आहे असे म्हणता येते. तिन्ही मात्रा एकमेकींना चिकटून असतील, तर आपण शिथिलक नव्हे, झोपेचे औषध तपासत आहोत. मॉर्फिन दिलेल्या उंदराची शेपटी पाठीवर कमानीसारखी ताठ उभी राहते. ती कमान खाली येते का, ही आणखी एक खूण पाहतात, कारण तेथे तोल सांभाळण्याचा प्रश्नच नसतो.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माणसात हा भेद आजही पुरता सुटलेला नाही. कंबर धरल्यावर मिळणाऱ्या मेथोकार्बामोल किंवा क्लोरझोक्साझोनच्या गोळ्यांनी जो आराम पडतो, त्यातला बराच भाग गुंगीचा असावा, असे पाठ्यपुस्तकेच म्हणतात. मांजरातील सुबक आलेखांवर विश्वास ठेवून आम्ही हे वाक्य वर्गात फार हळू आवाजात वाचत असू.

प्रतिसाद | औषधदुकान, कराड

विषय प्राण्यांचा आहे म्हणून एक गोष्ट नोंदवतो. ऊसतोडीच्या हंगामात गाडीचे बैल खांद्याने किंवा पाठीने आखडले की लोक माणसांच्या कंबरदुखीच्या गोळ्या मागायला येतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मागणारे तर बारा महिने असतात. मी स्वतः काही वर्षांपूर्वी लंगडणाऱ्या घरच्या कुत्र्याला क्लोरझोक्साझोन, पॅरासिटामोल आणि डायक्लोफेनॅक एकत्र असलेली गोळी सलग तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी त्याला काळपट उलट्या सुरू झाल्या. तो वाचला, पण मला आजवर वाटत आले की शिथिलकाने त्याचे पोट बिघडवले. ते बरोबर आहे का?

उत्तर | माणदेशी पशुवैद्य, दहिवडी

दोष बहुधा शिथिलकाचा नाही, त्याच्या सोबत्याचा आहे. डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि आतड्याला व्रण पाडते, आणि काळपट उलटी म्हणजे पचलेले रक्त असते. तीन औषधांच्या एका गोळीत हीच अडचण आहे की लंगडणे थांबले किंवा उलटी झाली, तर श्रेय कोणाला आणि दोष कोणाला हे कळतच नाही. आपल्या मूळ प्रश्नातील उंदरासारखेच ते आहे. कुत्र्याच्या बाबतीत बॅक्लोफेनच्या गोळ्यांपासून विशेष सावध राहावे, कारण माणसाच्या नेहमीच्या गोळ्या चुकून खाल्लेला कुत्रा ओरडू लागतो, मग निपचित पडतो आणि श्वास मंदावून दगावू शकतो. मांजराला पॅरासिटामोल तर विषच.

बैलाच्या बाबतीत कायद्याचाही प्रश्न आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, कारण मेलेल्या जनावराचे मांस खाणारी गिधाडे त्याने मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. असेक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये तशीच बंदी आली, कारण गाईम्हशींच्या शरीरात त्याचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते. तेव्हा बैलासाठी गोळी मागायला येणाऱ्याला दुकानातून परत पाठवणे हेच आपले काम आहे. क्लोरझोक्साझोन मी बैलाला कधी दिलेले नाही आणि देणारही नाही. आखडलेल्या बैलाला आधी जूपासून मोकळे करावे लागते, आणि हंगामात तेच कोणाला परवडत नाही.

डायझेपामबद्दल एक भर घालतो. माणसाच्या रक्तात ते अर्ध्यावर यायला एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो, कुत्र्यात जेमतेम तीन तास, म्हणून कुत्र्याला ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. मांजराला तोंडावाटे रोज दिल्यास काहींचे यकृत अचानक निकामी झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रतिसाद | कृष्णाकाठ, सांगली

विद्यार्थ्याने घरून चिठ्ठीचे छायाचित्र मागवले. तिच्यावर पेनिसिलिन, धनुर्वातविरोधी लस-द्रव्य आणि डायझेपाम लिहिलेले आहे, आणि खाली ‘अंधाऱ्या, शांत जागी बांधावे’ अशी सूचना आहे. म्हणजे त्याने पडद्यावर पाहिलेले आणि गोठ्यात पाहिलेले औषध एकच निघाले.

प्रात्यक्षिकाच्या निष्कर्षाची ओळ मी बदलून घेतली आहे: ‘दिलेल्या मात्रेत उंदराची फिरत्या दांड्यावर टिकून राहण्याची क्षमता घटली, तिचे कारण या प्रयोगातून ठरत नाही.’ बाहेरून येणारे परीक्षक याला किती गुण देतील ते पाहायचे. चिठ्ठीवरून आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. शेळीला बरी होऊन महिना होत आला, ती चरते, पण मान अजून थोडी ताठ धरते. हे औषध कमी पडल्यामुळे असेल का?

उत्तर | माणदेशी पशुवैद्य, दहिवडी

नाही. धनुर्वाताचे विष ज्या चेताटोकांत शिरले, तेथे ग्लायसिन आणि गॅबा बाहेर सोडणारी यंत्रणाच ते कापून टाकते, आणि ती पुन्हा उभी राहायला काही आठवडे लागतात. डायझेपाम तोवर उरलेल्या गॅबाचे काम वाढवून जनावराला तगवून धरते; विषाला ते हात लावत नाही. मान हळूहळू सुटेल. तोपर्यंत चारा जमिनीवर न टाकता मानेच्या उंचीला बांधायला सांगा.